स्ट्रिंगफिश पकडायचाय? आधी कडा चढा

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या निंटेंडो स्विचवरच्या व्हिडिओ गेममध्ये नव्याने आलेल्यांना स्ट्रिंगफिश हा मासा सापडत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ते खालच्या नदीत गळ टाकत बसतात. महिना बरोबर असतो, वेळ बरोबर असते, चिकाटीही असते, पण जागा चुकलेली असते. पहिल्या हिवाळ्यात माझंही हेच झालं. आठवडाभर रोज रात्री पुलाजवळच्या नदीकाठी मी तासतास घालवले. ब्लॅक बास आले, डेस आले, पिवळे पर्च आले, पण तो आला नाही. येणार तरी कसा? स्ट्रिंगफिश त्या पाण्यात येतच नाही. त्याला कड्यावरची नदी लागते.

हा लेख लिहिण्याचं कारण तेच. हा मासा दुर्मीळ आहे यात शंका नाही, पण तो निव्वळ नशिबाचा खेळ नाही. जागा, महिना आणि वेळ जुळवली, सोबत आमिषाचा साठा ठेवला, तर हिवाळा संपायच्या आत तो तुमच्या हाती येण्याची चांगलीच शक्यता आहे.

आधी या माशाची ओळख

खेळातला स्ट्रिंगफिश खऱ्या जगातल्या एका माशावरून घेतला आहे. जपानीत त्याला ‘इतो’ म्हणतात. शास्त्रीय नाव पॅराह्युको पेरी. सामन आणि ट्राउट यांच्या कुळातला हा मासा जपानच्या होक्काइदो बेटावर, साखालिनमध्ये आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या नद्यांमध्ये राहतो. एक मीटरहून मोठा होतो, हळूहळू वाढतो आणि बरीच वर्षं जगतो. प्रशांत महासागरातले बहुतेक सामन अंडी घातल्यावर मरतात. इतो मरत नाही, पुन्हा पुन्हा अंडी घालायला नदीच्या वरच्या अंगाला जातो. धरणं, सरळ केलेले नदीपात्र आणि अति मासेमारी यांमुळे त्याची संख्या इतकी घटली आहे की आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहे. जपानी गळवाले त्याला ‘भासमान मासा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, कारण आयुष्यभर शोधूनही अनेकांना तो दिसत नाही.

हे सांगतेय ते माहितीची भर म्हणून नाही. नदीचा वरचा भाग, थंडी आणि दुर्मीळपणा या तीन गोष्टी खेळ बनवणाऱ्यांनी जशाच्या तशा उचलल्या आहेत. त्या लक्षात ठेवल्या की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पायरी १: कॅलेंडर आणि घड्याळ

खेळ सुरू करताना तुम्ही तुमच्या बेटासाठी उत्तर किंवा दक्षिण गोलार्ध निवडला असेल. उत्तर गोलार्धात स्ट्रिंगफिश डिसेंबर ते मार्च मिळतो, दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर. हा गोलार्ध नंतर बदलता येत नाही. मात्र मित्राच्या बेटावर गेलात तर तिथे त्याच्या बेटाचा मोसम चालतो. म्हणून तुमच्याकडे उन्हाळा असताना दुसऱ्या गोलार्धात खेळणारी एखादी मैत्रीण असेल, तर तिचं दार ठोठवायला हरकत नाही.

वेळ दुपारी ४ ते सकाळी ९. म्हणजे चोवीसपैकी सतरा तास. संध्याकाळी कामावरून आल्यावर खेळणाऱ्यांना ही वेळ अगदी सोयीची आहे. सकाळी ९ ते दुपारी ४ हा मासा नसतो, तेव्हा त्या वेळेत त्याच्यामागे लागू नका. त्या तासांचा उपयोग काय करायचा ते पुढे येतंच.

आता एक बारकावा. चारही महिने सारखे नाहीत. डिसेंबरात पाईक नावाचा आणखी एक लांबलचक मासा नदीत असतो. त्याची सावलीही चांगलीच मोठी दिसते. सावली पाहून छाती धडधडते, आणि बाहेर येतो पाईक. पाईकचा मोसम उत्तर गोलार्धात सप्टेंबर ते डिसेंबर. एकदा जानेवारी उजाडला की तो निघून जातो, आणि कड्यावरच्या नदीतली मोठी सावली ओळखणं एकदम सोपं होतं. म्हणून माझा सल्ला असा: डिसेंबरात आमिष गोळा करा, सराव करा, पण खरा जोर जानेवारी-फेब्रुवारीत लावा. मार्चवर मात्र ढकलू नका. हा खेळ २० मार्च २०२० रोजी आला, तेव्हा उत्तर गोलार्ध निवडून पहिल्या दिवशी सुरुवात करणाऱ्यांच्या हाती त्या मोसमाचे फक्त बारा दिवस होते, आणि त्यातले पहिले काही दिवस तर कड्यावर चढायची शिडीही नव्हती. कित्येकांना पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं.

पायरी २: कड्यावर पोचणं

बेटाच्या नकाशात जमिनीच्या पातळ्या वेगवेगळ्या रंगांत दाखवलेल्या असतात. सगळ्यात खालची पातळी सोडली, तर वरच्या कुठल्याही पातळीवरून वाहणारी नदी ही आपल्या कामाची. सगळ्यात उंच टोकच पाहिजे असं काही नाही. दुसरी पातळीही चालते. फसगत होते ती धबधब्यापाशी. धबधब्याच्या वरचं पाणी कड्यावरचं, पण तेच पाणी खालच्या जमिनीवर पडलं की ते खालच्या नदीचं झालं. धबधब्याच्या पायथ्याशी उभं राहून गळ टाकणारे बरेच जण मी पाहिले आहेत. तिथे उभं राहू नका. वर चढा.

वर जायला शिडी लागते. पहिला पूल बांधून होतो आणि नव्या रहिवाशांसाठी तीन जागा तयार करण्याचं काम निघतं, त्या सुमारास बेटाचा कारभारी टॉम नूक शिडीची कृती देतो. ४ साधी लाकडं, ४ कठीण लाकडं आणि ४ मऊ लाकडं, एवढंच साहित्य. कामाच्या टेबलावर बनवून घ्या. शिडी कधी मोडत नाही, म्हणून ती एकदा केली की झालं. नदी ओलांडायचा बांबू, म्हणजे व्हॉल्टिंग पोल, तो ५ मऊ लाकडांत होतो आणि त्याची कृती संग्रहालयवाला ब्लॅदर्स देतो. तोही मोडत नाही. वर गेल्यावर नदीच्या दोन्ही काठांवर ये-जा करावी लागते, म्हणून दोन्ही वस्तू सोबत हव्यात.

पुढे कड्यावर चढायला कायमचा उतार बांधता येतो. त्याला ९८,००० ते २,२८,००० बेल्स, म्हणजे खेळातले पैसे, लागतात. नव्या माणसाने यात पैसे घालायची घाई करू नये. शिडीने सगळं होतं.

बेटाला तीन तारे मिळाले की नद्या आणि कडे स्वतः घडवायची सोय मिळते. त्यातले पाण्याचे आणि कड्याचे परवाने प्रत्येकी ६,००० नूक माईल्सचे, म्हणजे बेटावरची कामं करून मिळणाऱ्या गुणांचे. तेव्हा अनेकांना बेट पार बदलून टाकायचा मोह होतो. मोह आवरा असं म्हणत नाही, पण कड्यावरच्या नदीचा एक लांब, मोकळा पट्टा तसाच ठेवा. ज्यांनी वरची नदी बुजवून बागा केल्या, त्यांना डिसेंबरात पुन्हा खोदकाम करावं लागलं. आणि खोदताना बंदिस्त खड्डा केलात तर खेळ त्याला तळं समजतो, नदी नाही. तळ्यात स्ट्रिंगफिश येत नाही.

पायरी ३: गळ आणि झोळी

साधी कच्ची काठी झाडाच्या ५ फांद्यांत होते आणि साधारण १० मासे पकडल्यावर मोडते. तिलाच १ लोखंडाचा तुकडा जोडला की पक्की काठी होते, ती ३० मासे टिकते. कड्यावर जाताना माझ्या खिशात नेहमी दोन काठ्या असतात. मोठी सावली समोर आणि हातातली काठी नुकतीच मोडलेली, ही अवस्था मी अनुभवली आहे, आणि तेव्हा खाली धावत जाऊन परत येईपर्यंत पाणी शांत झालेलं होतं.

खिसे आधी रिकामे करा. नव्या खेळाडूच्या खिशात २० जागा असतात. नूक माईल्स साठले की ५,००० देऊन त्या ३० करता येतात, आणखी ८,००० देऊन ४०. आमिषाला जागा लागते आणि मध्येच येणाऱ्या पर्च-बासलाही, हे लक्षात घ्या.

पायरी ४: आमिष, म्हणजे खरं काम

आता तो भाग, ज्यावर सगळं अवलंबून आहे.

सकाळी ९ ते दुपारी ४ ही वेळ रिकामी आहे, असं वर म्हटलं. त्या वेळेत समुद्रकिनाऱ्यावर जा. वाळूत एक बारीकसं छिद्र दिसेल आणि त्यातून मधूनच पाण्याची छोटी चिळकांडी उडेल. फावडं काढून तिथे खणा, मनिला क्लॅम नावाचा शिंपला निघतो. पहिला शिंपला मिळाला की आमिषाची कृती आपोआप कळते: एक शिंपला, एक आमिष. पूर्वी एकेक करून बनवावं लागायचं आणि हात दुखून यायचा. जानेवारी २०२६च्या अपडेटपासून एकाच वेळी अनेक आमिषं बनवता येतात, त्यामुळे आता हे काम हलकं झालं आहे. किमान वीस आमिषं तयार झाल्याशिवाय मी वर जात नाही. तीस असली तर आणखी चांगलं.

आमिष टाकलं की ते पडलं त्याच जागी एक मासा येतो. कोणता येणार ते त्या क्षणाचा महिना, वेळ आणि पाण्याची जागा ठरवते. म्हणून आमिष कड्यावरच्या नदीत पडलं तरच स्ट्रिंगफिशची शक्यता उभी राहते. खालच्या नदीत शंभर आमिषं टाकलीत तरी फळ शून्य.

वर गेल्यावर नदीचा एक सरळ, मोकळा तुकडा निवडा. काठावर झाडं-फुलं कमी असावीत म्हणजे पाणी नीट दिसतं. पाण्याकडे तोंड करून आमिष टाका आणि येणारी सावली पाहा. बोटभर लांबीची सावली आली तर तिच्यामागे वेळ घालवू नका. बी बटण दाबून काठावरून पळा. पळण्याच्या आवाजाने मासा घाबरून नाहीसा होतो. मग पुन्हा आमिष. लहान मासे पकडत बसलात तर काठी झिजते, खिसे भरतात आणि संध्याकाळ निघून जाते.

आमिष संपलं तर? चालत राहा. नदीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारा. मासे नजरेआड तयार होतात, म्हणून एकाच जागी उभं राहण्यापेक्षा फिरत राहणं बरं. दिसतील ते छोटे मासे हुसकावत जा, म्हणजे नव्यांना जागा होते. पण खरं सांगायचं तर आमिषाशिवाय हा शोध फार लांबतो. दिवसा शिंपले, रात्री कडा, हा क्रम चार-पाच दिवस लावून धरला तरच मनासारखं होतं.

पायरी ५: सावली वाचायला शिका

या खेळात मासा पाण्यात असताना त्याची फक्त सावली दिसते, आणि अनुभवी खेळाडू त्यावरूनच निम्मा निकाल सांगतो. हिवाळ्यात कड्यावरच्या नदीत सगळ्यात जास्त चकवतो तो ब्लॅक बास. त्याची सावलीही भरदार असते. सुरुवातीला प्रत्येक बास मला स्ट्रिंगफिश वाटायचा. उपाय सोपा आहे. दोन-चार ब्लॅक बास मुद्दाम पकडा आणि पकडण्याआधी त्यांची सावली नीट न्याहाळा, ती काठीच्या टोकाच्या तुलनेत किती लांब आहे, शेपटीकडे किती निमुळती होते. ही लांबी एकदा डोळ्यांत बसली की तिच्याहून मोठी सावली आल्यावर तुम्हाला शंका उरत नाही. जानेवारीपासून मार्चपर्यंत कड्यावरच्या वाहत्या पाण्यात बासपेक्षा ठळकपणे मोठी सावली दिसली, तर ती स्ट्रिंगफिशचीच असणार, असं समजून श्वास रोखा.

पायरी ६: गळाला लावणं

इथे घाई झाली की सगळं गेलं. मोठी सावली दिसली की लगेच चालणं थांबवा. कंट्रोलरची स्टिक हलकेच ढकलून, अगदी पावला-पावलाने काठाशी या. माशाचं तोंड कुठे आहे ते पाहा आणि बूच त्याच्या तोंडासमोर, थोडंसं पुढे पडेल असं टाका. शेपटीमागे पडलं तर त्याला दिसत नाही. अंगावर पडलं तरी उपयोग नाही. नेम चुकला तर घाबरू नका. ए दाबून गळ परत ओढा, मासा वळायची वाट पाहा आणि पुन्हा टाका. मासा तेवढ्याने पळत नाही, तुमच्या पळण्याने पळतो.

बूच दिसलं की सावली सावकाश वळते, पुढे सरकते आणि नाकाने बुचाला टोचते. पाण्यावर एक छोटं वर्तुळ उमटतं, ‘टुप्’ असा बारीक आवाज होतो. हे खरं चावणं नव्हे. नवीन माणूस इथेच ए दाबतो आणि मासा निसटतो. असं टोचणं एकदा होईल, दोनदा होईल, तीनदा होईल, जास्तीत जास्त चारदा. पाचवं मात्र नेहमी खरं असतं. खऱ्या चावण्यात बूच पूर्ण पाण्याखाली ओढलं जातं आणि ‘छपाक्’ असा जड आवाज येतो. कंट्रोलर हातात थरथरतोही. तो आवाज आला की त्याच क्षणी ए.

मला स्वतःला ज्याने सगळ्यात जास्त मदत झाली ती युक्ती अशी: हेडफोन लावा आणि डोळे मिटा. खरंच. डोळे उघडे असले की प्रत्येक टोचणीला अंगठा आपोआप खाली जातो. डोळे मिटले की फक्त आवाज उरतो, आणि ‘टुप्’ आणि ‘छपाक्’ यांतला फरक कान कधी चुकवत नाहीत. मी माझा पहिला स्ट्रिंगफिश असाच पकडला. फेब्रुवारीची रात्र होती, कड्यावर बर्फ पडत होता, तीन वेळा टुप् झालं आणि चौथ्यांदा पाणी फुटल्यासारखा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा माझा खेळाडू दोन्ही हातांनी एवढा मोठा मासा डोक्यावर धरून उभा होता. मी तेव्हा खोलीत एकटीच होते, तरी मोठ्याने ओरडले.

एवढं करूनही कधी निसटलाच, तर लगेच दुसरं आमिष टाका. निसटलेल्या माशाचा राग धरून खेळ बंद करणारे पुढची संधी स्वतःच घालवतात.

घड्याळ पुढे-मागे करावं का?

स्विचच्या सेटिंगमध्ये तारीख बदलून थेट जानेवारीत जाता येतं, आणि तसं करणाऱ्यांना हा मासा तिथे मिळतो. यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. प्रत्येकाचा खेळ त्याचा. एकच सांगते: तुमच्याकडे विकत घेतलेले सलगम असतील तर तारीख मागे नेऊ नका, ते लगेच सडतात. मी स्वतः मात्र हिवाळ्याची वाट पाहते. बर्फ पडल्यावर वर जाणं आणि उन्हाळ्यात घड्याळ फिरवून वर जाणं, या दोन्हीत मला फार फरक जाणवतो.

हाती आल्यावर

पहिला मासा संग्रहालयात द्या. विकायचा विचारही करू नका. ब्लॅदर्स माशाविषयी दोन शब्द सांगतो ते वाचा, आणि मग मत्स्यालयाच्या दालनात जाऊन तो पाण्यात फिरताना पाहा. पकडल्याबरोबर खेळातल्या तुमच्या फोनमधल्या क्रिटरपीडिया या नोंदवहीत त्याचे महिने आणि वेळाही नोंदल्या जातात. दुसऱ्यांदा शोधताना त्या तिथेच पाहता येतात.

दुसरा मासा आला तर पैशांचा प्रश्न येतो. नूक्स क्रॅनी या दुकानात त्याचे १५,००० बेल्स मिळतात, म्हणजे नदीतल्या सगळ्यात महागड्या माशांपैकी तो एक. पहिल्या घराचं कर्ज ९८,००० बेल्सचं असतं, त्यातला जवळपास सातवा हिस्सा एका माशात फिटतो. दुकान बंद असताना बाहेरच्या पेटीत टाकलात तर भाव ८० टक्केच, म्हणजे १२,०००, आणि तेही दुसऱ्या दिवशी. रात्री पकडलेला मासा सकाळपर्यंत घरात ठेवायला काहीच हरकत नाही. आणि घाई नसेल तर सी. जे. हा बीव्हर बेटावर येईपर्यंत थांबा. तो दीडपट भाव देतो, एका स्ट्रिंगफिशचे २२,५००.

तीन मासे जमले तर मी ते विकत नाही. सी. जे.ला तीन सारखे मासे दिले की तो त्यांचा पुतळा बनवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी टपालाने पाठवतो. माझा स्ट्रिंगफिशचा पुतळा घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून ठेवलाय. पाहुणे येतात, तेव्हा त्यांचं पहिलं लक्ष तिकडेच जातं, आणि मग हमखास पुढचा प्रश्न येतो: हा नदीत कुठे मिळतो? मी त्यांना शिडी काढायला सांगते.